एकेचाळिसातली चौदा गाणी

गावात भांडण लागलं, तर ते मिटवावं तुळशीराम गिरणीवाल्यानं, म्हणजे मी. ही बढाई नाही, अनुभव आहे. माझ्या पिठाच्या गिरणीवर रोज वीस-पंचवीस बाया दळण घेऊन उभ्या असतात आणि त्यातल्या प्रत्येकीचा नंबर पहिला असतो. इंजिनाच्या टुकटुकाटात ते भांडण मी रोज मिटवतो, तेही कोणा एकीला नाराज न करता. म्हणजे सगळ्यांना सारखंच नाराज करून. आता सांगा, ज्याला हे जमतं त्याला एका नाटकाच्या गाण्यांचं भांडण मिटवायला कितीसा वेळ लागणार?

"एक दिवस," मी नाट्यमंडळाच्या बैठकीत छातीवर हात ठेवून सांगितलं. "येत्या इतवारी सकायी बसू, दिवे लागायच्या आत उठू. सेक्रेटरी मी हावो का कोण हाये?"

नाटक कोणतं, भांडण कशाचं, ते आधी सांगतो. आमचं गाव नांदुऱ्यापासून चार कोसांवर. कापूस वेचून झाला, की दर तिसऱ्या वर्षी गावात 'संगीत रत्नप्रभाहरण' व्हायचं. वामनराव पाटलांच्या आजोबांनी लिहिलेलं. लिहिताना त्यांना घरात दुसरं काम नसावं, कारण त्यात एकेचाळीस गाणी आहेत. रात्री जेवणं करून माणसं बसायची, ती सकाळी ढोरं सोडायच्या वेळेला उठायची. गावातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, एकेचाळीसच्या एकेचाळीस गाणी पाठ. आणि प्रत्येकाचं एक लाडकं. त्याच्यावरून लग्नं मोडल्याचं मला माहीत नाही, पण बोलणं बंद असलेले सख्खे भाऊ मी दाखवू शकतो.

तर मागच्या खेपेला नाटक झालं आणि दुसऱ्या दिवशी अख्खं गाव झोपलं. तेवढ्यात रानडुकरांनी शिवारातला हरभरा साफ केला. म्हणून बासष्ट साली पंचायतीनं ठराव केला: नाटक दिवसाच, दुपारी दोनला सुरू आणि सूर्य बुडायला बंद. चार तासांत राजपुत्र, राक्षस, स्वयंवर आणि लढाई सगळं बसवून हिशेब केला, तर गाणी बसत होती चौदा. एकेचाळिसातून चौदा काढायची. कोणती ठेवायची आणि कोणती कापायची, इथून गावाला ताप चढला.

"तलवारीचं गाणं राहीन," वामनराव म्हणाले. गावातले सर्वांत मोठे शेतकरी, नाटकवाल्या आजोबांचे नातू, शिवाय नाटक त्यांच्याच खळ्यात होणार. "बाकी काय ठेवायचं ते तुम्ही पाहा."

या गाण्यात राजपुत्र तलवार उपसतो. उपसायला त्याला वीस मिनिटं लागतात.

"तो तलवार उपसते तवरक माह्यावाल्या दोन म्हशी दोहून होते," तानुबाई म्हणाली. ही भाजीच्या मळ्याची मालकीण आणि गावातल्या बायकांची पुढारी. "विहिरीचं गाणं ठेवा. रत्नप्रभा विहिरीवर उभी राहून म्हणते ते. ते नसंल तर एकबी बाई नाटकाले येणार नाही. अन् बाया आल्या नाही तर घरी पोट्टे संभायाले तुम्ही बसा."

त्या बैठकीत पुढं काय काय बोललं गेलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. वामनरावांच्या आजोबांपासून तानुबाईच्या म्हशीपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. एक म्हातारा तर आपल्या गाण्यासाठी पाराला डोकं लावून बसला. आणि मी मध्ये उभा, दोन्ही हात वर करून.

आता मला या भानगडीत पडायची एवढी हौस का? तर खरं सांगतो. त्या एकेचाळीस गाण्यांत एक गाणं माझं होतं. मी प्रधानाचं काम करतो. शेवटच्या अंकात प्रधानाला पश्चात्ताप होतो आणि तो एक गाणं म्हणतो. एकच. आणि ते मला माझ्या सासऱ्यांसमोर म्हणायचं होतं.

माझे सासरे नारायणराव, रोहिणखेडचे. माणूस असा, की हसला तर खर्च होईल असं त्यांना वाटतं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या पंगतीत मंडळींनी आग्रह केला म्हणून मी एक पद म्हटलं. आवाज माझा चांगला आहे हो! फक्त इंजिनाजवळ बोलून बोलून थोडा मोठा झाला आहे. मी दुसऱ्या कडव्यावर आलो आणि सासरे भर पंगतीत म्हणाले, "जावईबापू, इंजिन बंद करा, वऱ्हाडाले जेवू द्या." अकरा वर्षं झाली, रोहिणखेडात मला कोणी नावानं ओळखत नाही. मी त्यांच्या घरी गेलो की पोरं टुकटुक आवाज काढतात. तेव्हा एकदा, फक्त एकदा, त्या माणसाच्या तोंडून आपल्या गाण्याला 'वा' निघावं एवढी माझी इच्छा होती. त्यांना नाटकाचं आवतण आधीच गेलं होतं आणि त्यांनी "येतो" म्हणून कळवलंही होतं.

म्हणजे चौदात माझं गाणं असायलाच पाहिजे होतं. पण हे मी कोणाला बोललो नाही.

मी तोडगा काढला तो मतदानाचा. बावन्न सालच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, ते मला आठवत होतं. तसंच करायचं ठरवलं. मारुतीच्या पारावर एकेचाळीस गाडगी ओळीनं मांडली, एकेका गाण्याचं एकेक. माणसागणिक पाच सरक्या वाटल्या. कापसाचं गाव, सरकीला काय तोटा? आवडेल त्या गाडग्यात सरकी टाका आणि घरी जा. ज्या चौदा गाडग्यांत जास्त सरकी, ती चौदा गाणी. गाडग्यावर गाण्याचं नाव खडूनं लिहिलं होतं.

पहिली म्हातारी आली. तिनं गाडग्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कोणतं गाणं हाये बाबू? मले का वाचता येते?"

तिच्या मागं उभ्या असलेल्या शंभर माणसांपैकी ऐंशींचा हाच सवाल होता. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, हात्तीच्या, त्यात काय, मी प्रत्येक गाडग्याजवळ उभा राहून गाण्याची सुरुवात म्हणून दाखवतो.

"तू म्हटल्यावर कोणतं गाणं हाये ते समजत नाही," तानुबाई म्हणाली. "आमच्या कडूबाले बोलवा."

कडूबा तिचा भाचा आणि आमचा राजपुत्र. एरवी वांगी-मिरची लावतो. पण गळा असा, की ऐकत राहावं. रत्नप्रभेचं काम करणाऱ्या गड्याला सूर म्हणून लागत नाही, त्यामुळं आमच्या नाटकात तिचीही गाणी राजपुत्रच म्हणतो. "प्रिये, तुझ्या मनात आता असं येत असंल," असं म्हणून तो सुरू होतो. प्रधानाचं एक सोडलं तर सगळी गाणी कडूबाची.

कडूबा मळ्यातून चिखलाच्या पायांनी आला. पहिल्या गाडग्याजवळ उभा राहून त्यानं एक ओळ म्हटली आणि दुसऱ्या गाडग्याकडे निघाला.

"पुरं म्हण ना बे," गर्दीतून आवाज आला. "एका ओयीवर मत कसं द्यायचं?"

त्यानं पुरं म्हटलं. लोक म्हणाले, वन्समोर. आणि आमच्याकडं वन्समोर मिळाला की नाही म्हणायची चाल नाही. नाही म्हणणारा नट पुढच्या नाटकात भालदार होतो. कडूबानं पुन्हा म्हटलं. अशी एकेचाळीस गाडगी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मत एकानंही टाकलं नव्हतं. सगळे मूठ झाकून, मान डोलवत बसलेले.

दुपारी शेतातून बाया आल्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. कडूबा पुन्हा पहिल्या गाडग्याजवळ. चार वाजता वस्तीवरची माणसं आली. पुन्हा पहिलं गाडगं. "भाऊ," कडूबा मला कानात म्हणाला, "घसा दुखून राह्यला."

"लोकशाही हाये कडूबा," मी म्हटलं. "म्हण."

दिवस मावळता मावळता शेवटची सरकी पडली. मी मोजायला बसणार, एवढ्यात रानातून ढोरं परतली. दिवसभर पाराच्या आजूबाजूला सरकीचा वास सुटला होता हे माझ्या डोक्यात आलं नाही. अहो, सरकी! दुभत्या जनावराला याहून आवडीचं दुसरं काय असतं? एवढ्या गावात मी एकटा माणूस निघालो, की ज्यानं मतपत्रिका म्हणून म्हशीचं खाद्य निवडलं. तानुबाईची म्हैस धावत आली आणि शेवटच्या दोन गाडग्यांत, जी काठोकाठ भरली होती, तिनं आळीपाळीनं तोंड घातलं. आम्ही सहा जणांनी शेपूट ओढून तिला मागं घेतली तेव्हा दोन्ही गाडगी चाटूनपुसून लख्ख झाली होती. एक तलवारीचं होतं. दुसरं विहिरीचं.

"तानुबाईनं म्हैस सोडली," वामनराव गरजले. "माह्यी मतं खाल्ली."

"माह्यी विहीरबी खाल्ली ना तिनं," तानुबाई म्हणाली. "तिले का वाचता येते?"

बाकीची गाडगी मोजली. तेरा गाणी नीट ठरली आणि खाल्लेल्या मतांसाठी एकच जागा राखली. चौदाव्या जागेवर वामनराव म्हणत तलवार, तानुबाई म्हणे विहीर. फेरमतदानाचं नाव काढताच कडूबा पाराच्या मागं लपला. अंधार पडायला आला, दोन्ही बाजू हातघाईवर आल्या आणि शेवटी एका शहाण्या म्हाताऱ्यानं निवाडा दिला.

"तुमचं नको अन् तिचंबी नको. जे गाणं कोणालेच नाही पाह्यजे ते ठेवा चौदावं. म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही."

सगळ्यांनी गाडग्यांकडे पाहिलं. प्रधानाच्या गाडग्यात पाच सरक्या होत्या. माझ्या स्वतःच्या. बायको मंजुळा हिनंसुद्धा आपल्या पाचही विहिरीत टाकल्या होत्या. माझं गाणं एकमतानं पास झालं. अपमान झाला हे मला कळत होतं, पण आनंद एवढा झाला की मी घरी जाऊन गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा गिरणीवर आला. तोंड हलवत होता, पण ऐकू काही येत नव्हतं. मी इंजिन बंद केलं. तरी ऐकू आलं नाही. मी तसाच त्याला बैलगाडीत घातला. नांदुऱ्याच्या वैद्यांकडे नेला, तर ते म्हणाले, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, गाणं तर विसराच. नाटक आठ दिवसांवर आलं होतं. पाच गावांत दवंडी पिटून झाली होती.

आता हे गावाला सांगितलं तर काय झालं असतं? मतदान कोणाचं डोकं? माझं. कडूबाला कोणी गायला लावलं? मी. सेक्रेटरीपद गेलंच असतं, वामनरावांनी खळं नाकारलं असतं, नाटक बुडालं असतं आणि सासरे रोहिणखेडहून येऊन नुसता चहा पिऊन गेले असते. अकरा वर्षांनी आलेली संधी अशी घालवायची? मी कडूबाला गिरणीच्या मागच्या खोलीत नेलं.

"पाय कडूबा," मी म्हटलं. "तू फक्त तोंड हलवजो. पडद्यामागून मी म्हणतो. मलेबी सगये गाणे, सगये बोलणे पाठ हायेत. गावाले सांगू, नाटकासाठी गळा जपून राह्यला. अन् हे कोणाले सांगायचं नाही. घे मारुतीची शपथ."

त्यानं मारुतीकडे तोंड करून मान हलवली. मीही शपथ घेतली. पेटीवाल्याला तेवढं सांगावं लागलं. तो मान खाली घालून वाजवतो, त्याला कोण गातं याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

नाटकाच्या दिवशी वामनरावांच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सासरे पहिल्या रांगेत, वामनरावांच्या शेजारच्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून. बायांच्या बाजूला तानुबाई आणि तिच्याजवळ मंजुळा. मी प्रधानाचा अंगरखा घालून, लोकरीची दाढी लावून तरटाच्या आडोशाला उपड्या टोपल्यावर बसलो. त्या दाढीत असं उकडत होतं, की विचारू नका.

पहिलं गाणं बागेतलं. कडूबानं एक हात पुढं केला, तोंड उघडलं आणि मी तरटाआडून सूर लावला. कडूबासारखाच, हळुवार. इंजिन नव्हतं ना जवळ! गाणं संपलं. खळ्यात शांतता. मला वाटलं, झालं, ओळखलं लोकांनी.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "वा."

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. तरटाच्या भोकातून पाहिलं, तर सासऱ्यांनी डोळे मिटले होते आणि एक हात वर केला होता. "वा! काय गळा हाये पोट्ट्याचा. वन्समोर." माझे डोळे भरून आले. दाढी ओली झाली. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं आणि येऊन कडूबाच्या पदरात पडलं. पण मी मनाला म्हटलं, गाणं तर आपलं आहे ना. आणि पुन्हा सूर लावला.

"आवाज थोडा बदलला त्याचा," वामनराव सासऱ्यांना म्हणत होते. "आठ दिवस आराम भेटला ना, पिकला."

तिसऱ्या गाण्याला घोटाळा झाला. कडूबाला ठसका आला. त्यानं शेजारी ठेवलेला तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला लागला. इकडं मी, मला काय दिसतंय, ऐन तान घेत होतो. भोकातून पाहिलं तेव्हा कडूबाच्या तोंडाला तांब्या आणि खळ्यात माझी तान. थांबावं तरी पंचाईत, न थांबावं तरी पंचाईत. मी डोळे मिटून तान पूर्ण केली.

खळ्यात कोणी हसलं नाही, हे नशीब. लोक आ वासून बसले होते. वामनरावांनी सासऱ्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून समजावलं, "याले पोटातलं गाणं म्हणते. गळ्याचा संबंधच नाही. पाणी पेवो का जेवो."

"वन्समोर," सासरे उभे राहून म्हणाले. "पाण्यासकट."

मग काय विचारता! त्यानंतर एकही गाणं लोकांनी पाण्याशिवाय घेतलं नाही. प्रत्येक गाण्याला वन्समोर आणि प्रत्येक वन्समोरला तांब्या. मी आत घसा खरवडत होतो आणि कडूबा बाहेर पाणी पीत होता. नवव्या गाण्यापर्यंत त्याच्या पोटात किती पाणी गेलं असेल ते त्यालाच माहीत. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागला. माझ्याकडे वळून करंगळी दाखवायला लागला. मी आतून हात जोडले. "पाहा, आता नाचायलेबी लागला," वामनराव कौतुकानं म्हणाले.

तेरावं गाणं संपलं तेव्हा माझ्या घशात काटे उभे राहिले होते. आता फक्त माझं गाणं. एक. मी उठून अंगरखा नीट केला, दाढी बसवली. तेवढ्यात तानुबाई उभी राहिली.

"एवढा गळा चालून राह्यला, तर विहिरीचं काऊन नाही म्हणत? म्हण कडूबा. मावशी सांगून राह्यली."

"विहीर होईन तर तलवारबी होईन," वामनराव लगेच म्हणाले. "खळं माह्यं हाये."

"अहो, पण चौदा ठरले ना," मी आतून ओरडलो. निघाली नुसती हवा.

कडूबानं रडकं तोंड करून माझ्याकडे पाहिलं. मी टोपल्यावर बसलो आणि विहिरीचं गाणं म्हटलं. बाया रडल्या. मीही रडलो, घशाच्या दुखण्यानं. मग तलवारीचं लागलं. वीस मिनिटांचं गाणं, लांब लांब तानांचं. तलवार अर्धी उपसून झाली आणि कडूबाला राहवलं नाही. अर्धी तलवार म्यानात, अर्धी बाहेर, असा तो स्टेजवरून उडी मारून खळ्यामागच्या तुरीच्या वाळल्या तुऱ्हाटीच्या गंजीकडे धावत सुटला. मला हे उशिरा दिसलं. रिकाम्या स्टेजवर माझं गाणं चाललं होतं.

"राजपुत्र शत्रूच्या मागं दूर गेला," वामनराव सासऱ्यांना म्हणाले. "पण आवाज कसा येऊन राह्यला पाहा."

त्या शेवटच्या तानेत माझ्या घशातून काहीतरी तुटल्यासारखं झालं. राजपुत्र हलका होऊन परत आला, टाळ्यांचा पाऊस पडला आणि पेटीवाल्यानं माझ्या गाण्याचे सूर धरले. सूर्य बुडायला आला होता.

मी स्टेजवर गेलो. समोर सासरे. आज त्यांचा चेहरा मोकळा होता, असा मी कधी पाहिला नव्हता. गाणं ऐकून माणूस खूश झाला होता. मनात म्हटलं, मारुतीराया, चार ओळी निघू दे फक्त. हात पुढं केला, तोंड उघडलं. घर्र्र झालं आणि थांबलं. पेटीवाल्यानं पुन्हा सूर दिला. पुन्हा घर्र्र.

"डिझेल संपलं," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळं खळं हसलं. सासरे हसले नाहीत. ते खाली मान घालून काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत बसले. ते हसले असते तर मला एवढं लागलं नसतं. प्रधानाचा पश्चात्ताप मी हातवारे करून उरकला आणि पडदा पडला.

सासरे पडद्यामागं आले ते सरळ कडूबाकडे गेले. डोक्यावरचा रेशमी फेटा काढून त्यांनी कडूबाच्या डोक्यावर ठेवला. मग माझी शपथ माझ्याकडून पाळवली नाही. मारुतीची मनातल्या मनात माफी मागून मी सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांच्या कानाशी लागून, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात, सगळं सांगितलं. मतदान, म्हैस, वैद्य, तरट, सगळं.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "कडूबाले बोलता येऊन नाही राह्यलं. पंधरा गाणे म्हटले त्यानं, तेबी दोन-दोन बार, त्याचा घसा बसला, समजलं. तुमचा एकबी न म्हणता कसा बसला?"

मी कडूबाकडे पाहिलं. पोरगा इमानी. त्यानं फेटा काढून माझ्यापुढं धरला, माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या गळ्याला हात लावून नकाराची मान हलवली, आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

सासऱ्यांचे डोळे पाणावले. "पाहा," ते म्हणाले. "एवढा गुणी, अन् वरतून मोठेपणा तुमाले देऊन राह्यला. याले म्हणते कलावंत." त्यांनी फेटा पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवला, या खेपेला घट्ट. मग माझ्याकडे वळून समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुमाले एवढीच हौस हाये तर याच्याजवळ शिका चार दिवस. लाज नका वाटू देऊ."

ज्या गाडीनं आले त्याच गाडीनं ते रोहिणखेडला गेले. जाताना वामनरावांना सांगून गेले, की पुढच्या नाटकाला पुन्हा येईन, पण प्रधान बदला.

घरी आल्यावर मंजुळानं हळद घातलेलं गरम दूध पुढं ठेवलं आणि समोर बसली. मी दाढीची लोकर हनुवटीवरून खरवडत होतो.

"तुम्हीच म्हणत होते ना तरटामागून?" ती म्हणाली.

मी दूध खाली ठेवलं.

"मले पह्यल्याच गाण्याले समजलं. अकरा वर्ष झाले, इंजिन चालू असलं तरी बंद असलं तरी तुमचा आवाज मले समजते. चांगलं म्हटलं तुम्ही. लय चांगलं म्हटलं."

खरं सांगतो, त्या वेळेला मला कसं झालं ते सांगता येत नाही. मी कसाबसा घशातून एक प्रश्न काढला, "मंग बाबाले सांगितलं काऊन नाही?"

"सांगतच होती," मंजुळा म्हणाली. "उठलीबी होती. मंग मनात आलं, तुम्ही हाये म्हणून समजलं तर बाबा पह्यल्याच गाण्याले उठून जातीन. म्हटलं, बसू द्या. आयकू द्या सगये गाणे."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. पण घसा त्या रात्री पुरता बसला आणि सकाळी वैद्यांनी मलाही पंधरा दिवस तोंड उघडायची मनाई केली.